सुपडू जिभाऊंचा केसपेपर

कॉम्प्युटर अडला की माणसं एक तर त्याला शिव्या घालतात, नाहीतर बंद करून पुन्हा चालू करतात. आमच्या गल्लीतले सुपडू जिभाऊ यातलं काहीच करत नाहीत. ते खुर्ची मागे सारतात, टेबलाखालच्या काळ्या डब्यासमोर उकिडवे बसतात, डाव्या हाताचा तळवा त्याच्या कुशीवर सपाट टेकवतात आणि डोळे मिटून विचारतात, "काल काय खादं व्हतं रे?"

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबायला खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर लक्षात आलं की प्रश्न अगदी बरोबर आहे. कॉलेजात मी मुलांना हाच प्रश्न शिकवते, फक्त जड भाषेत: बिघाडाच्या आधी काय बदललं होतं?

जिभाऊ बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, लोकांच्या तोंडी ढोरांचे डॉक्टर. त्यातली सात वर्षं तोरणमाळला, तिथला घाट मोटरसायकलवर औषधांची पेटी बांधून चढायचे. बाकीची तापीकाठच्या गावांत. शहादा तालुक्यातल्या म्हशी त्यांना ओळखतात असं ते सांगतात. माणसांबद्दल ते खात्री देत नाहीत.

मी मूळची कोल्हापूरकडची. सहा वर्षांपूर्वी इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी या जिभाऊंनी ओट्यावरून विचारलं होतं, "म्याडम, कथा ऱ्हातस तुम्ही?" मी म्हटलं, "छे हो, मी कथा वगैरे लिहीत नाही." ते मला कुठे राहता एवढंच विचारत होते. तेव्हापासून माझ्याशी बोलताना ते वाक्य शुद्ध मराठीत सुरू करतात, आणि रंगात आले की अहिराणीत उतरतात. मला आता दोन्ही समजतं.

निवृत्त झाल्यावर कळसाडीची शेती त्यांनी चुलतभावाकडे सोपवली आणि फुकटचे हिंदी व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. गल्लीला वाटलं, महिनाभरात उत्साह ओसरेल. पण ओसरला नाही. "काय बनवताय जिभाऊ?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, "दूधना रजिस्टर करी ऱ्हायनू." दारात एकही म्हैस नाही, तरी.

एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात फुलस्केप कागद होता, रेघा मारून रकाने पाडलेला.

"पेशंट आणला नाही," ते म्हणाले. "केसपेपर आणला."

मी वाचला. अक्षर सुरेख.

'जनावर: एडिटर. रंग: काळा. मालक: स्वतः. तक्रार: उघडल्यावर घड्याळी सतरा ते वीस सेकंदांत पडतो. पडण्याआधी पांढरा होतो. ताप: डबा कोमट. चारा: नवीन काही नाही. शेण: "विंडो अनपेक्षितपणे बंद झाली" एवढाच मजकूर. आजार सुरू होऊन दिवस: एकवीस.'

एडिटर म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहितात ती रंगीत पाटी. डावीकडे फाइलींची यादी, मधे लिहायची जागा, शब्द चुकला की खाली लाल वेटोळं. लाखो लोक रोज वापरतात, आणि तो असा उठसूट मरत नाही.

"काढून टाका आणि परत टाका," मी म्हटलं. दारात उभ्या उभ्या आपण जे सांगतो तेच.

जिभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली. "गाभण म्हैस खाली बसली, तर तुम्ही मालकाला सांगशात का, ही सोड, दुसरी आण? कारण सांगा, म्याडम. अंदाजपंचे सुई मी बत्तीस वर्षं टोचली नाही."

मग रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत विमलजिजी बसल्या होत्या, जिभाऊंच्या पत्नी. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो, काठी घेऊन दहा पावलं चालतात. समजतं सगळं, पण शब्द गेले. एकच उरला आहे, "हां." हो असेल तरी हां, नको असेल तरी हां, राग आला तरी हां. मला बघून त्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाल्या, "हां." मी "बरी आहे जिजी," म्हणाले. बरोबर उत्तर दिलं की नाही, कोण जाणे.

आतल्या खोलीत आम्ही पेशंटसमोर बसलो. जिभाऊंनी घड्याळ लावलं, एडिटर उघडला. अठराव्या सेकंदाला पडदा पांढरा झाला, आणि संपलं.

"पाह्यं?" ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता. मेकॅनिक आला की नेमकी न बिघडणारी गाडी त्यांची नव्हती.

मी आधी एक्सटेन्शन बघितली, म्हणजे एडिटरला वरून जोडायची छोटी अवजारं. जिभाऊंनी तेवीस जोडली होती. एक कंस रंगवायचं, एक तारखा घालायचं, आणि एकात खिडकीच्या तळाशी एक कोंबडी इकडून तिकडे फिरायची.

"ही कशाला?"

"सोबतले," जिभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, निम्मी बंद करू, निम्मी चालू ठेवू, मग चुकार सापडेल. ते एकदम खुलले. गोठ्यात रोग शिरला की तेही अर्धी ढोरं लिंबाखाली आणि अर्धी विहिरीकडे बांधायला लावत. आम्ही तेविसांचे बारा आणि अकरा केले, बारांचे सहा. कोंबडीला बंद करताना ते म्हणाले, "ती निरोगी शे, मी सांगस." निरोगीच निघाली. सगळी तेवीस बंद केली, तरी एडिटर अठराव्या सेकंदाला पडला.

मग ग्राफिक्स कार्डाची मदत काढून घेतली. पडला. त्यानं साठवून ठेवलेला जुना कचरा काढला. पडला. डबा उघडला, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं तिचे पितळी दात घासले. डब्यात धुळीबरोबर एक वाळलेली पाल निघाली. जिभाऊंनी ती चिमट्यानं उचलून उजेडात फिरवून पाहिली आणि केसपेपरात लिहिलं, 'डब्यात पाल एक, मृत. आजाराशी संबंध नाही.'

शेवटी मला सुचायला हवं होतं ते सुचलं. तेवीसही अवजारं परत चालू केली आणि मी एडिटरची कोरी खिडकी उघडली, आत काही न घेता. सतरा, अठरा, वीस. पडला नाही. आम्ही चहा प्यायलो, तरी तो उभाच होता, कोंबडीसुद्धा फिरत होती.

"जिभाऊ, जनावर ठणठणीत आहे," मी म्हटलं. "हा उघडला की काल शेवटी जी फाइल उघडी होती ती आपोआप परत घेतो. तिच्यानं पडतो."

असे एडिटर मरता मरता एक टिपण लिहून ठेवतात. काय करत होतो, कुठवर आलो होतो. ते एका कोपऱ्यातल्या फोल्डरात पडलेलं असतं, कुणी बघत नाही. मी ते उघडलं. जिभाऊ पुढे सरसावले. "हाई शेण खरं! खरा रिपोर्ट शेणमाच ऱ्हास!" आजार सुरू झाल्यापासूनची टिपणं होती, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या ओळीत एकाच फाइलीचं नाव. 'बोल'.

"ही काय आहे? उघडू?"

जिभाऊ उठले. त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला, नाव झाकलं जाईल असा.

"आज ऱ्हाऊ द्या, म्याडम. दूधना रजिस्टर शे. त्यात काय पाहायचं?"

आणि मला केळ्यांची एक फणी देऊन त्यांनी चक्क घरी पाठवलं.

आता माझा स्वभाव सांगते. मला कुणी 'त्यात काय पाहायचं' म्हटलं की झोप लागत नाही. दुधाच्या रजिस्टराचं नाव 'बोल' कसं असेल? आणि रजिस्टर उघडल्यानं एडिटर कशाला मरेल? म्हशी हजार असल्या तरी मरणार नाही. दोन दिवस शिकवताना फळ्यावर भलतंच लिहीत होते.

बुधवारी सकाळी जिभाऊ माझ्या पायरीवर येऊन बसले. बोलले ते अथपासून इतिपर्यंत शुद्ध मराठीत. ते घाबरले की असं बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"समजा, फाइल उघडी असताना एडिटर पडला, तर फाइल नष्ट होते का?"

"सहसा नाही."

"सहसा म्हणजे अंदाजपंचे."

"तिची दुसरी प्रत असेल ना तुमच्याकडे?"

"नाही."

"का नाही?"

"प्रत काढताना कुठे कापली गेली तर?"

म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडलेलं पारडू बाहेर काढणारा हा माणूस एक फाइल कॉपी करायला घाबरत होता.

"जिभाऊ, मालकानं जनावर दाखवलंच नाही तर तुम्ही काय करायचात?"

त्यांनी वाकून चपलेचा अंगठा सारखा केला. मग म्हणाले, "असे मालक लई पाहिले मी. जीव लावलेला असतो, म्हणून लपवतात. आणि उशीर करतात." उठता उठता हळूच म्हणाले, "रविवारी या."

रविवारी मी फाइल उघडायच्या आधी तिच्या तीन प्रती काढल्या आणि प्रत्येकीचं माप मूळ फाइलीशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून दाखवलं. जिभाऊंनी तिन्ही आकडे केसपेपरात उतरवून घेतले, मग श्वास सोडला. फाइल मी साध्या, बिनरंगाच्या प्रोग्राममध्ये उघडली. त्याला रंग भरायचे नसतात, त्यामुळे तो दमत नाही.

वरती जिभाऊंनी लिहिलेला प्रोग्राम होता, पन्नासेक ओळी, नीटनेटक्या. त्याच्याखाली एकच ओळ होती. ती ओळ संपेना. अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं, अर्थ काहीच नाही. मी उजवीकडे सरकत राहिले, सरकत राहिले. एका ओळीत लाखो अक्षरं. बिचारा एडिटर ती रंगवायला जायचा आणि सतराव्या-अठराव्या सेकंदाला त्याचा दम संपायचा.

"हे काय आहे, जिभाऊ?"

त्यांनी आधी दार लोटलं.

"विमलना आवाज शे," ते म्हणाले.

मग सांगितलं. मुलगी वैशाली सुरतेला दिली आहे. जिजी धडधाकट होत्या तेव्हा तिला रोज सकाळी फोनवर आवाजी निरोप पाठवायच्या, भाजी काय केली इथपासून शेजारी कोण आलं इथपर्यंत. लकव्यानंतर एका व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर एक सोय दाखवली. चित्र दाबलं की फोन बोलतो. जिजींनी पाण्याचं चित्र दाबलं, तर आतून कुणी परकी बाई शुद्ध हिंदीत म्हणाली, मुझे पानी चाहिए. जिजींनी आपला फोन ओट्यावरून रस्त्यात फेकून फोडला.

"तिना राग बराबर व्हता," जिभाऊ म्हणाले. "तिना तोंडमा दुसरीनी जीभ कसाले?"

दिवाळीला वैशाली आली तेव्हा त्यांनी तिच्या फोनमधले सगळे निरोप कॉम्प्युटरवर घेतले. जिजींना कळू नये म्हणून कानात वायर घालून महिनोन्महिने ऐकले. त्यातून शब्द कापले. एका व्हिडिओत कुणीतरी 'टिंग' असा छोटा आवाज अक्षरांत बदलून प्रोग्रामच्या पोटातच घालून दाखवला होता. जिभाऊंनी त्याच पद्धतीनं बायकोचे चाळीस आवाज घातले. एकेक आवाज घालत गेले तशी ओळ वाढत गेली. आवाज आता प्रोग्रामात गेले म्हणून, आणि डिस्कवर जागा उरली नाही म्हणून, मूळचे निरोप पुसून टाकले. पंधरा दिवसांनी वैशालीचा फोन पाण्याच्या टाकीत पडला.

"आते जे शे, ते या ओळमा," ते म्हणाले. "वेगळं केलं आणि एखादा शब्द हरवला तर कथा शोधू? म्हणून सगळं एका ठिकाणी बांधून ठेवलं."

"आणि जिजींना का नाही सांगितलं?"

"एकदा फोन फेकला तिनी. दुसऱ्यांदा आशा लावायची तर औषध पक्कं पाहिजे." मग म्हणाले, "म्हशीनं कान कसा टाकला ते पाहून मी ताप सांगायचो, म्याडम. आणि घरमा ही दीड वरीस हां हां करी ऱ्हायनी, माले समजत नही तिले चहा पाहिजे का पंखा."

मी कामाला लागले. काम तसं सोपं होतं. त्या ओळीतून एकेक आवाज सोडवायचा, पुन्हा आवाजाची फाइल करून वेगळ्या फोल्डरात ठेवायची, आणि प्रोग्रामात फक्त तिचं नाव लिहायचं. मी छोटा प्रोग्राम लिहिला. जिभाऊ एकेक आवाज मोजत होते. चाळीस निघाले. एकही कापला गेला नव्हता.

"एक वाजवून बघू," मी म्हटलं. स्पीकरचा आवाज किती वाढवलेला आहे हे दोघांनीही बघितलं नाही.

"हॅलो, वैशू, जेवनी का?"

खोली भरून गेली. दीड वर्षात या घरात हा आवाज झाला नव्हता. ठसकेबाज, थोडा घोगरा, शेवटचं अक्षर ओढणारा. जिभाऊंनी झडप घालून स्पीकर बंद केला, पण उशीर झाला होता. पुढच्या खोलीत वेताची खुर्ची करकरली. मग काठी. एक पाऊल, काठी, एक पाऊल. इंजेक्शनाची सुई न मोडता उधळत्या बैलाला धरणारे जिभाऊ टेबलाला पाठ लावून उभे राहिले.

दार उघडलं. जिजींनी माझ्याकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हां?" त्या म्हणाल्या. हा 'हां' मी आधी कधी ऐकला नव्हता. त्याला शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

जिभाऊंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. टेबलाच्या खणातून लांब वायरीचा आकड्यांचा छोटा कीबोर्ड काढला. प्रत्येक कळीवर चित्र चिकटवलेलं होतं: कप, तांब्या, पंखा, गोळी, वैशालीचा फोटो. जिजींनी डाव्या हाताचं बोट कपावर ठेवलं.

"चहा ले वं, थंडा हुई जाई!"

हा निरोप कधीतरी मुलीला गेला होता. चहा आता कुणी कुणाला द्यायचा हे त्यातून अजिबात कळत नव्हतं. जिजींनी पुन्हा दाबलं. पुन्हा. मग त्या हसू लागल्या, तोंड एका बाजूला ओढत, डोळ्यांतून पाणी काढत, आणि जिभाऊ चहा टाकायला धावले, कारण चाळिसातला एक शब्द पोचला होता.

एडिटर त्या दुपारी पडला नाही. संध्याकाळी जिभाऊंनी केसपेपर पुरा केला. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी डोकावून वाचलं. 'जनावराचा दोष नाही. मालकानं एका वेळी फार खाऊ घातलं.'

आता महिना होऊन गेला. कीबोर्ड आणि स्पीकर जिजींच्या खिडकीपाशी गेले आहेत. मी त्या घरी काहीतरी निमित्त काढून जाते. परवा सहज विचारलं की कीबोर्डावरच्या शून्याच्या कळीवर तुमचा ओळखपत्रावरचा फोटो आहे, ती दाबली की काय होतं.

जिभाऊ थोडे संकोचले. जिजींनी त्यांना हाक मारलेला आवाज त्यांना हवा होता. त्यासाठी निरोप पुसण्याआधी ते सगळे पुन्हा पुन्हा ऐकत राहिले होते, सहा वर्षांचे. सापडला नाही. निरोप सगळे मुलीला गेलेले. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला फोनवर निरोप कोण पाठवतं? हाक त्या रोजच मारायच्या, पण ती साठवून ठेवावी असं कुणाला वाटलं नाही. त्यांचा उल्लेख होता, तो फक्त तक्रारीत.

"मग?"

"त्यातली जरा बरी तक्रार निवडली," ते म्हणाले, आणि मला पुढे काय सुधारणा करणार ते सांगू लागले. पंख्याचं बटण दाबलं की पंखा आपोआप बंद व्हावा असं काहीतरी. वाक्य अर्ध्यावर होतं, तेवढ्यात पुढच्या खोलीतून जिजींचा आवाज आला, ठसठशीत:

"तुन्हा बाप कोनंच आयकत नही, वं पोरी!"

"उनू! आलो!" जिभाऊ म्हणाले आणि आपलं बोलणं तिथंच सोडून गेले.

मी दारातून पाहिलं. ते जिजींच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले होते. काय पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं. पाणी नको होतं, पंखाही नको होता. जिजींनी त्यांच्याकडे बघत पुन्हा शून्याची कळ दाबली.

"तुन्हा बाप कोनंच आयकत नही, वं पोरी!"

"उनू, उनू," जिभाऊ म्हणाले, तिथंच बसल्या बसल्या.